पाहिली की ऐकली

माणसाचं घर शेवटी कलाच तारते, असं माझं पूर्ण विचारांती झालेलं मत आहे. आमचं घर तरी कलेनेच तारलं. मात्र बाबांच्या कपाटात ज्या थोर कादंबऱ्या होत्या, त्यांचा यात काही हात नव्हता. त्या सगळा वेळ काचेआड स्वस्थ उभ्या होत्या. आम्हाला उपयोगी पडली ती सोळा भागांची एक कोरियन प्रेमकथा. तिचा नायक समुद्रशेवाळाच्या कारखान्याचा एकुलता एक वारस होता आणि तिसऱ्या भागापर्यंत त्याला भात कसा लावतात हे माहीत नव्हतं.

आम्ही धनकवडीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आमच्या सोसायटीत बिल्डरने लिफ्टसाठी खड्डा ठेवला होता, लिफ्ट ठेवली नव्हती. आई कात्रजच्या पुढच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होती. गावोगावचं दूध तिथे येई, आणि त्यात फॅट किती, पाणी किती, पाणी लपवायला साखर घातली आहे की युरिया, हे ती सकाळपासून दुपारी अडीचपर्यंत शोधत असे. ही नोकरी माणसाला कामावर ठेवून घरी येता येत नाही. कोणाकडे चहाला गेलं की आई पहिल्या घोटाला किंचित थांबायची, आणि त्या घरच्या बाईंचा चेहरा पडायचा. बाबा कॉलेजात मराठी शिकवायचे. त्यांचे तास सकाळचे असत. दुपारी ते आतल्या खोलीत टेबलाशी बसून लिहायचे, म्हणजे बराच वेळ पेन पुसायचे. वक्ते म्हणून त्यांना मागणी होती. सत्काराच्या शाली घरात इतक्या साठल्या होत्या, की आमच्या इस्त्रीच्या टेबलावर चार शाली घडी करून अंथरलेल्या होत्या. कपडे त्यावर फार छान इस्त्री होत.

त्या घराचे आवाज मला अजून क्रमाने आठवतात. पहिला आवाज स्कूटरचा. आईची स्कूटर जुनी होती, बटणाने सुरू व्हायची नाही. सकाळी सव्वासहाला बाबा पायजम्यावर स्वेटर चढवून तीन मजले उतरत, आठ-दहा किका मारत, गाडी सुरू झाली की तिचं तोंड फाटकाकडे करून ठेवत आणि वर येत. मग आई डबा घेऊन खाली जाई. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल घरात कधी बोलणंही झालेलं मला आठवत नाही. त्यानंतर दूध तापल्याचा आवाज, मग कुकर, मग वरच्या मजल्यावरच्या आजोबांचं खाकरणं.

मी अकरावीत असताना बाबांचं ललितलेखांचं पहिलं पुस्तक आलं. त्यानिमित्त पावसाळ्यातल्या एका रविवारी पाच-सहा साहित्यिक मंडळी घरी जेवायला होती. अळूची भाजी, मसालेभात, जिलबी. जेवणं झाल्यावर त्यांतल्या एकाने सौजन्य म्हणून विचारलं, "वहिनी, तुम्हाला कसं वाटलं पुस्तक?" या प्रश्नाला 'छान' असं उत्तर द्यायचं असतं, हे मलाही त्या वयात कळत होतं. आई पहिल्या घोटाला थांबायची तशी थांबली आणि म्हणाली, "चांगलं आहे. तिसऱ्या प्रकरणात पाणी आहे."

बाबा हसले. "हिला सगळीकडे दूधच दिसतं. अगं, साहित्याला लॅक्टोमीटर लावत नाहीत!"

सगळे हसले. आईही हसली, ताटं उचलून आत गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून बाबांशी बोलेनाशी झाली.

हे भांडण नव्हतं. भांडणात आवाज असतो. आईने घरातलं एकही काम कमी केलं नाही. बाबांचा डबा, झब्बा, रक्तदाबाची गोळी, सगळं वेळच्या वेळी होत होतं. फक्त त्यांच्यामध्ये मी उभी राहिले. "सई, तुझ्या बाबांना विचार, पोळी वाढू का." बाबा दोन हातांवर बसलेले. "एक म्हणून सांग." मी सांगायचे, कारण न सांगता पोळी वाढली जात नसे. बाबांनाही ते आधी आठवड्याचं प्रकरण वाटलं. मग गणपती झाले, दसरा झाला, दिवाळीत फराळाची ताटं निरोपांवरून मांडली गेली. सकाळी सव्वासहाची किक मात्र चुकली नाही. बाबा खाली जायचे, वर यायचे, आई खाली जायची. जिन्यात दोघं एकमेकांना ओलांडून जाताना मी वरून पाहिलं आहे. अनोळखी माणसंसुद्धा जिन्यात एकमेकांना 'या' म्हणतात.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मेहरुन्निसाबाई राहायच्या. महापालिकेच्या शाळेत त्यांनी उभा जन्म मराठी शिकवलं होतं, आणि आमच्या सोसायटीत सर्वांत शुद्ध मराठी त्यांचं होतं. सोसायटीच्या सूचनाफलकावरच्या चुका त्या येता-जाता लाल पेनने दुरुस्त करत. बाबासुद्धा त्यांच्यासमोर सुरू केलेलं वाक्य संपवायचे. त्यांची मुलगी चाकणकडच्या एका कोरियन कंपनीच्या कार्यालयात होती. तिने तिथल्या मैत्रिणींकडून पेन ड्राइव्हवर ही मालिका आणली आणि आपल्या आईची करमणूक होईल म्हणून ठेवून गेली. करमणुकीत अडचण एकच होती. बोलणं कोरियन, खाली अक्षरं इंग्रजी, आणि ती अक्षरं चष्मा पुसेपर्यंत निघून जायची. म्हणून मेहरुन्निसाबाई पेन ड्राइव्ह आणि नानकटाईचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या. आमच्या बाहेरच्या खोलीत संगणक होता, आणि इंग्रजी वाचून भराभर मराठीत सांगायला मी होते. घरात मी तेच काम करत होते, त्यामुळे वेगळी तयारी लागली नाही.

रोज चार वाजता आई, मेहरुन्निसाबाई आणि मी बसायचो. आई कामावरून येऊन, घटकाभर पडून उठलेली असे. मध्ये भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी. मी मोठ्याने सांगायचे आणि मेहरुन्निसाबाई माझी वाक्यं तपासायच्या. "'मी तुला मिस करतो' काय? तुझ्यावाचून करमत नाही, असं म्हण. मुलगा बरा दिसतोय, त्याला बरं बोलू दे." नायक नायिकेला 'अगं' म्हणतो की 'अहो', हे इंग्रजी अक्षरांवरून कळायचं नाही. तो निर्णय आमच्याकडे होई. "अजून छत्री एकच आहे, हात धरलेला नाही," मेहरुन्निसाबाई म्हणायच्या, "'अहो'च ठेव." आठव्या भागात त्याने बसथांब्यावर तिचा हात धरला, तेव्हा त्यांनी मान हलवून परवानगी दिली.

मतं म्हणाल तर त्या दोघींना भरपूर होती. त्या काळी घरोघरी चालणाऱ्या आपल्या मालिकांमध्ये एका सुनेने चहात मीठ टाकलं की आठवडाभर सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवत. ही गोष्ट सोळा भागांत संपणार, हे कळल्यावर आईला पाहुणा स्वतःहून उठल्यासारखं वाटलं. नायकाची आई श्रीमंत होती आणि ज्याचा राग येईल त्याच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकायची. "फेकते ते ठीक," आई म्हणाली, "पण फरशी कोण पुसतं ते एकदाही दाखवत नाहीत. फॅट कमी." पाचव्या भागात नायकाची स्मृती गेली, तेव्हा तिने शेंगदाण्याची वाटीच बाजूला ठेवली. "भेसळ. गोष्ट पातळ झाली की घालतात. आमच्याकडे युरिया घालतात, इथे हे." नायिकेवर एक डॉक्टरही प्रेम करायचा. मेहरुन्निसाबाई पहिल्यापासून त्याच्या बाजूच्या.

"मी हिच्या जागी असते तर डॉक्टरच केला असता. वेळेवर येतो, स्वच्छ बोलतो, डबा परत देताना धुऊन देतो."

"वेळेवर येणाऱ्याची गोष्ट होत नाही हो," आई म्हणाली. "संसार होतो."

"मग संसार करावा की! गोष्ट कशाला करायची?"

आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं असे. पहिले काही दिवस बाबा तिथून आम्हाला ऐकू येईल असं खोकले. मग खोकला थांबला. मग एकदा मी पाणी प्यायला गेले तेव्हा त्यांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "त्या डॉक्टरला कळलं का मग?" मी म्हटलं, "काय?" ते म्हणाले, "काही नाही." समोरचा कागद कोरा होता.

चौदाव्या भागात नायक-नायिकेचं मोठं भांडण झालं. तिच्या आजारी वडिलांचं पत्र त्याने तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. ती निघून गेली, आणि मग भागाच्या शेवटी त्याच्या घरी परत आली. त्यानंतर पडद्यावर अक्षरंच आली नाहीत. मी शेंगदाणे सोलत बसले. मेहरुन्निसाबाईंचा नानकटाईचा हात हवेत थांबला होता. आई पुढे झुकून बघत होती. बराच वेळ नुसता भांड्यांचा बारीक आवाज येत राहिला, तेव्हा आतून बाबा म्हणाले, "बंद पडलं का?"

आम्ही तिघी पडद्याकडेच बघत होतो.

आता हेच सगळं मोबाइलवर मिळतं, हिंदीत, तमिळमध्ये आवाज घालूनसुद्धा. माझी पुतणी दीडपट वेगाने बघते. एकदा मी तिच्या शेजारी बसले होते तर तिने सरळ बोटाने चित्र पुढे ढकललं. का, विचारलं तर म्हणाली, "काकू, कोणी बोलतच नव्हतं." ती वाईट मुलगी नाही.

चौदावा भाग पाहिला त्याच आठवड्यात आईला बढतीचं पत्र आलं. कोल्हापूरकडच्या केंद्रात प्रयोगशाळाप्रमुख, दोन वर्षं. पत्र डब्याच्या पिशवीत, घडी करून. तिने ते मला स्वयंपाकघरात वाचायला दिलं आणि कोथिंबीर निवडत राहिली. "सोमवारी कळवायचंय. तू राहशील ना नीट? पुढच्या वर्षी बारावी आहे."

"बाबांना सांगितलंस?"

"नाही."

"मी सांगू?"

"हा निरोप तुझ्याकडे नाही," आई म्हणाली.

चार महिन्यांत तिने मला न दिलेला तो पहिला निरोप. आई जाईल याची मला भीती नव्हती. दर शनिवारी एसटीने येता येतं. भीती ही होती, की सोमवारी ती होकार कळवेल, एक दिवस बॅग भरेल, सव्वासहाला बाबा गाडी सुरू करून ठेवतील आणि त्यांना कळणारही नाही की आज ती कात्रजला जात नाहीये. एवढं झाल्यावर परत बोलायला कोणी सुरुवात करत नाही. माझ्या दोन मामांनी ते पुढे जन्मभर करून दाखवलं.

आणि त्या शनिवारी बाबांचं व्याख्यान होतं. आमच्या भागातल्या वाचनालयाची व्याख्यानमाला, विषय 'भावनांची आयात'. फलक फाटकावरच लागला होता. 'आयात'चा पुसट 'त' मेहरुन्निसाबाईंनी ठळक केला. आईने तो येता-जाता चार दिवस वाचला. शनिवारी दुपारी म्हणाली, "तुझ्या बाबांना सांग, इस्त्रीचा झब्बा खुंटीला आहे. आणि आपणही जायचंय."

तिसऱ्या रांगेत आम्ही तिघी बसलो. सभागृह भरलं होतं, कारण खुर्च्या चाळीस होत्या. बाबा चांगलं बोलायचे, हे मी मुलगी म्हणून नाही, श्रोता म्हणून सांगते. परदेशी प्रेमकथांनी आपल्या बायकामुलींना कसं भुलवलं आहे, या रचनांना ना पाया ना कळस, असं अर्धा तास झाल्यावर त्यांनी एक उदाहरण घेतलं. ते आमचंच होतं. शेवाळाचा कारखाना, पाण्याचा ग्लास, डॉक्टर, सगळं. "चौदाव्या भागात ही दोघं कडाक्याची भांडतात," बाबा म्हणाले, "आणि पंधराव्या भागात हातात पिशवी घेऊन बाजारात निघतात! मधे काय घडलं? काहीही नाही! एक वाक्य नाही, एक शब्द नाही. रुसवा अकारण, समेट अकारण. याला मी कथनाचं दारिद्र्य म्हणतो." टाळ्या पडल्या. आईने माझ्याकडे पेन मागितलं.

आमच्याकडे व्याख्यानानंतर प्रश्न उठून विचारत नाहीत, चिठ्ठीवर लिहून पाठवतात. म्हणजे प्रश्नही होतो आणि संबंधही राहतात. अध्यक्ष चिठ्ठ्या वाचू लागले. पहिल्या चिठ्ठीत फाटकासमोरची निळी मोटार हलवण्याची विनंती होती. दुसऱ्या चिठ्ठीत, आपण एवढा व्यासंग कधी करता, असं विचारलं होतं. ती बाबांच्या विद्यार्थ्याची असावी. तिसरी त्यांनी एकदा मनात वाचली आणि मग मोठ्याने वाचली. "वक्त्यांनी ही मालिका पाहिली आहे की ऐकली आहे?"

लोक हसले. "प्रश्न खोडसाळ दिसतो," अध्यक्ष म्हणाले. "सोडून देऊ."

"बघू," म्हणून बाबांनी ती चिठ्ठी हातात घेतली. ते अक्षर आमच्या घरी साबुदाण्याच्या, मोहरीच्या, धनेपुडीच्या डब्यांवर होतं. बाबांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला. एखादी कोटी करून ते सहज निसटू शकले असते. त्यांच्याकडे कोट्या तयार असत. पावसाळ्यात त्यांनी तेच केलं होतं. मी आईकडे बघितलं नाही. मी पंख्याकडे बघत होते.

"ऐकली आहे," बाबा म्हणाले. "शेजारच्या खोलीतून." मग माइकपासून थोडं लांब होऊन म्हणाले, "प्रश्नकर्त्यांनी पाहिलेली दिसते. चौदाव्या भागात काय घडतं, ते त्यांनी सांगावं अशी माझी विनंती आहे."

आई जागची हलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळून सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मेहरुन्निसाबाईंनी तिला कोपराने ढोसलं. "उठा. वाक्यं लहान ठेवा."

आई उठली. तिला माइक देऊ लागले तर नको म्हणाली. "चार मिनिटं कोणी बोलत नाही," ती म्हणाली. "ती दारातून येते. तो तिला काही विचारत नाही, मासा वाफवतो. ताटं मांडतो. मग माशातले काटे काढतो आणि तो तुकडा तिच्या भातावर ठेवतो. ती खात नाही. तो दुसरा तुकडा घेतो, तोही साफ करतो. एखादा काटा राहिलाय का, बोटाने चाचपतो. मग ती खाते. मग ती एक तुकडा घेते, त्याच्यासाठी साफ करते. तिला ते नीट येत नाही, काटा राहतो. आपल्याला दिसतो, त्यालाही दिसतो. तो काट्यासकट खातो." ती थांबली. "एवढंच आहे. वाचून दाखवायला अक्षरंच नव्हती, त्यामुळे सई काही बोलली नाही. म्हणून आत ऐकू गेलं नसेल." बसता-बसता ती पुन्हा उभी राहिली, कारण अर्धवट अहवाल देणं तिला जमायचं नाही. "पाचव्या आणि नवव्या भागात पाणी पुष्कळ आहे. तिथे वक्त्यांचं बरोबर आहे. इथे नाही."

सभागृहात कोणीतरी नाक शिंकरलं. बाबा चिठ्ठी हातात धरून पुन्हा माइकजवळ आले.

"माझ्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात पाणी आहे," ते म्हणाले. "असं मला पावसाळ्यात सांगण्यात आलं होतं. तेव्हा मी विनोद केला. ते बरोबर होतं."

याचा व्याख्यानाच्या विषयाशी काय संबंध, हे चाळीस खुर्च्यांपैकी तिघींनाच कळलं. बाकीच्यांना कार्यक्रम संपला असं वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि अध्यक्षांनी बाबांच्या अंगावर शाल घातली.

बाहेर आलो तेव्हा अंधारून आलं होतं. बाबा शाल खांद्यावर तशीच ठेवून थेट आईच्या स्कूटरकडे गेले आणि किक मारायला लागले. दोन झाल्या, तीन झाल्या.

"अहो," आई म्हणाली.

बाबांचा पाय वरच राहिला.

"बटणाने सुरू होते ती. बॅटरी बदलली मी."

"कधी?"

"गणपतीच्या सुमारास."

"म्हणजे इतके दिवस मी रोज—"

"हो."

"मग सांगायचं नाही का?"

"बोलत नव्हते ना मी," आई म्हणाली.

मेहरुन्निसाबाई अत्यंत काळजीपूर्वक वाचनालयाचा सूचनाफलक वाचू लागल्या. मीही वाचला. त्यात दोन चुका होत्या. आमच्या पाठीमागे आई म्हणत होती, "मला कोल्हापूरला बढती आलीय. दोन वर्षं. सोमवारी कळवायचंय. जाईन म्हणते." बराच वेळ काही ऐकू आलं नाही, आणि मी मागे वळून बघितलं नाही, त्यामुळे मधल्या काळात काय घडलं ते मला सांगता येणार नाही. मग बाबांचा आवाज आला. "स्कूटर घेऊन जा तिकडे. बटण नक्की चालतं ना?"

आई कोल्हापूरला गेली आणि दोन वर्षं राहिली. बाबा रोज चार वाजता बाहेरच्या खोलीत मालिका पुन्हा पहिल्या भागापासून लावून बसू लागले, पडद्याकडे तोंड करून. पाणी प्यायला उठायचं झालं तर "थांबव" म्हणायचे. रात्री फोनवर ते आणि आई भागागणिक फॅट काढत. डॉक्टरच्या बाबतीत ते मेहरुन्निसाबाईंच्या बाजूने गेले, ते आईला शेवटपर्यंत पटलं नाही. त्या हिवाळ्यात त्यांनी तिसरं प्रकरण पुन्हा लिहिलं. अकरा पानांचं चार पानांत आलं. एका शनिवारी आईने ते उभ्याउभ्या वाचलं, पहिल्या घोटाला थांबायची तशी थांबली, आणि म्हणाली, "आता बरोबर." माणूस कलेपुढे नम्र झाला तर कला त्याला काय देते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. पहिल्या आवृत्तीचे गठ्ठे अजून पलंगाखाली आहेत, अकरा पानांसकट.